कर्ता, करण आणि वालीचा प्रश्न : स्वायत्त युद्धविमानांच्या नैतिकतेविषयी

१

एम.ए.च्या वर्गात कारकविचार शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला एक साधा प्रश्न विचारला. वर्तमानपत्रातील युद्धवार्तेत त्याने ‘मानवरहित विमानाने तिघांना ठार केले’ असे वाक्य वाचले होते. या वाक्यातील ‘विमानाने’ हे पद कर्ता मानावयाचे की करण, असा त्याचा प्रश्न होता. मी पाठ्यपुस्तकी उत्तर दिले : तृतीया विभक्ती मराठीत कर्त्यालाही लागते आणि करणालाही, येथे खरा कर्ता अध्याहृत आहे, विमान हे केवळ साधन होय. ‘अध्याहृत म्हणजे कोण?’ असे त्याने पुढे विचारले, तेव्हा चालक, सेनाधिकारी, शासन असे शब्द एकामागून एक सुचत गेले. पण त्यांपैकी एकही निश्चयाने पुढे करता आला नाही. प्रस्तुत लेख हा त्या न दिलेल्या उत्तराचा पाठपुरावा आहे.

साहित्यविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात शस्त्रास्त्रांची चर्चा कशाला, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु कर्तृत्व म्हणजे काय, अर्थनिर्णयन म्हणजे काय, एखाद्या चिन्हाचे ‘वाचन’ कोण करतो आणि त्या वाचनाचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हे प्रश्न आपण समीक्षाव्यवहारात गेली कित्येक दशके चर्चीत आलो आहोत. आज तेच प्रश्न रणभूमीवर अवतरले आहेत आणि तेथे त्यांची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जात आहे. अशा वेळी आपल्या परिभाषेला काही म्हणावयाचे आहे काय, हे तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम विषयाची मर्यादा स्पष्ट करावयास हवी. दूर बसलेला माणूस ज्याला उडवतो आणि ज्यातून मारा करतो, ते मानवरहित विमान येथे मुख्यतः अभिप्रेत नाही. ज्या विमानाचे केवळ उड्डाण स्वयंचलित आहे, तेही नाही. भारताच्या संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने १ जुलै २०२२ रोजी कर्नाटकातील चित्रदुर्ग येथे एका वैमानिकरहित विमानाचे पहिले उड्डाण केले. त्याचे उड्डाण, मार्गक्रमण आणि अवतरण पूर्णपणे स्वयंचलित होते. अमेरिकेच्या हवाई दलाने एक्स-६२ए हे प्रायोगिक विमान कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती देऊन २०२३ मध्ये खऱ्या लढाऊ विमानाशी झुंजविले. मे २०२४ मध्ये तर त्या खात्याचे तत्कालीन सचिव स्वतः त्यात बसले होते. हे सर्व तंत्रविद्येचे टप्पे आहेत. नैतिक प्रश्न उद्भवतो तो त्यापुढच्या टप्प्यावर. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या आदेशात स्वायत्त शस्त्राची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा, की एकदा कार्यान्वित केल्यावर जे शस्त्र माणसाच्या पुढील हस्तक्षेपावाचून लक्ष्य निवडते आणि त्यावर मारा करते, ते स्वायत्त होय. ही कल्पना केवळ भविष्यातील नव्हे. शत्रूच्या रडारच्या लहरी हुडकून त्यावर आपण होऊन कोसळणारे ‘हार्पी’ हे इस्रायली अस्त्र १९९० च्या दशकापासून अस्तित्वात आहे आणि भारतानेही ते घेतलेले आहे. लिबियातील २०२० च्या लढाईत माघार घेणाऱ्या सैनिकांविरुद्ध ‘कार्गू-२’ हे तुर्की बनावटीचे यंत्र वापरले गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२१ च्या अहवालात नोंदविले. त्याने कोणाचा प्राण घेतला काय, हे मात्र तो अहवाल स्पष्ट करीत नाही. लक्ष्य ‘निवडते’ या क्रियापदापाशी आपल्याला थांबावयाचे आहे.

२

पाणिनीने कर्त्याची व्याख्या ‘स्वतंत्र’ या एका शब्दावर उभी केली आहे. क्रिया घडविण्यात जो दुसऱ्यावर अवलंबून नाही आणि इतर कारकांना जो प्रवृत्त करतो, तो कर्ता. क्रियेच्या सिद्धीला जे सर्वांत अधिक उपकारक, ते करण. आणि कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वांत अधिक प्राप्त करून घ्यावयाचे असते, म्हणजे जे त्याला ‘ईप्सिततम’ असते, ते कर्म. ही तीन पदे व्याकरणाची आहेत. परंतु कृतीच्या नीतिशास्त्राचा एक संपूर्ण आराखडा त्यांत दडलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. स्वातंत्र्य ज्याचे, कृती त्याची. इच्छा ज्याची, कर्म त्याचे.

या आराखड्यात सवलतीही आहेत. वैयाकरणांनी विवक्षेला, म्हणजे बोलणाऱ्याला काय म्हणावयाचे आहे याला, मोठे स्थान दिले. म्हणूनच करणालाही कर्त्याच्या जागी बसविता येते. ‘तलवार छान कापते’ असे आपण म्हणतो. तिच्या धारेचे कौतुक करावयाचे असते, म्हणून तिला स्वातंत्र्य उसने दिलेले असते. उद्या कोणाचा गळा कापला गेला तर आपण तलवारीवर खटला भरीत नाही. ‘स्वायत्त विमान’ या शब्दप्रयोगातील स्वायत्तता ही याच जातीची, उसनी आहे. स्वतःला नियम घालून घेणे, तो मोडल्याची टोचणी लागणे, त्याबद्दल शिक्षा भोगणे हे ज्याच्या बाबतीत संभवत नाही, ते वस्तुतः स्वायत्त नसून स्वयंचलित आहे. जिनिव्हा येथील तज्ज्ञगटाच्या चर्चेतून २०१९ मध्ये संमत झालेल्या अकरा मार्गदर्शक तत्त्वांतही, उत्तरदायित्व यंत्राकडे सोपविता येत नाही, असा स्पष्ट निर्वाळा आहे.

मग प्रश्न सुटला काय? विमान करण असेल, तर त्याला आकाशात सोडणारा सेनाधिकारी कर्ता ठरेल आणि जबाबदारी त्याच्या पदरात पडेल. वरवर पाहता हा युक्तिवाद पुरेसा वाटतो. पण त्यात कर्माचा विचार झालेला नाही. धनुर्धराने बाण सोडला तेव्हा कोणाला मारावयाचे हे त्याच्या मनात ठरलेले असते. स्वायत्त विमान सोडणाऱ्याच्या मनात कोणीही विशिष्ट माणूस नसतो. असतो तो एक वर्ग, एक वर्णन : अमुक क्षेत्रात, अमुक वेळेत, अमुक लक्षणे दिसणारा कोणीही. या वर्णनात कोणाला बसवावयाचे, हे नंतर यंत्र ठरविते. म्हणजे कर्त्याने क्रिया केली आहे, पण कर्म त्याने निवडलेले नाही. ज्याने कर्म निवडले, त्याला इच्छाच नाही. वाक्यातील कर्माची जागा करणाने भरावी, अशी ही विलक्षण रचना आहे. हे अधिकाऱ्याचे केवळ प्रयोजकत्वही नव्हे. ‘मारविले’ असे म्हणताना ज्याच्याकडून मारविले तोही कर्ता असतो, आणि तो ‘मी मारणार नाही’ असे म्हणू शकतो. तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी २००७ मध्ये हाच पेच जबाबदारीच्या अंगाने मांडला : रचनाकार, सेनाधिकारी आणि यंत्र यांपैकी कोणालाही न्याय्यपणे दोषी धरता येत नाही, आणि ज्या युद्धात मृत्यूला कोणी जबाबदार नाही ते युद्ध न्याय्य राहू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, की भूसुरुंग पेरणाऱ्यालाही त्यावर कोणाचा पाय पडणार हे ठाऊक नसते आणि शहरावर बॉम्ब टाकणाऱ्यालाही खाली कोण आहे हे दिसत नाही. हे खरेच आहे. परंतु त्या कृत्यांचे नैतिक स्थान काय आहे, हेही पाहिले पाहिजे. माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर १९९७ च्या कराराने बंदी आली, ती नेमक्या याच कारणासाठी, की ते सैनिक आणि गुराखी यांत भेद करीत नाहीत. जुने पाप नव्या पापाचे समर्थन होऊ शकत नाही. फार तर ते त्याचे कूळ दाखविते.

३

युद्धाच्या नीतिनियमांतील मूलभूत नियम लढणारे आणि न लढणारे यांच्यात भेद करण्याचा आहे. हा भेद डोळ्यांनी दिसत नाही. तो वाचावा लागतो. हातातील वस्तू बंदूक आहे की नांगराचा दांडा, धावणारा हल्ला करीत आहे की पळत आहे, वर केलेले हात शरणागतीचे आहेत की इशाऱ्याचे, ही सर्व चिन्हे आहेत आणि त्यांचा अर्थ संदर्भात लागतो. अमेरिकेने २००८ नंतर पाकिस्तानच्या सरहद्द प्रदेशात जे हल्ले केले, त्यांपैकी काही माणसांची ओळख पटवून नव्हे, तर त्यांच्या वर्तनाच्या ठशावरून केले गेले. अशा हल्ल्यांना ‘सिग्नेचर स्ट्राइक’ असे नाव पडले. मरणाऱ्याची ‘सही’ मारणाऱ्याने वाचली, पण मारणाऱ्याची सही मात्र कोठेच उमटली नाही, ही त्या नावातील विदारक विसंगती आहे.

येथे आपल्या क्षेत्रातील एका सिद्धांताचा पुनर्विचार करावासा वाटतो. रोलाँ बार्तने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेखकाचा मृत्यू घोषित केला, आणि आपणही तो उत्साहाने स्वीकारला. संहितेमागे सार्वभौम कर्ता नसतो, कर्ता हा भाषेचाच परिणाम असतो, असे मी स्वतः अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. साहित्यात या भूमिकेने वाचकाला मुक्त केले, यात शंका नाही. परंतु त्या मुक्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती : लेखक गेला तरी वाचक माणूसच राहणार होता. स्वायत्त विमानात लेखकही नाही आणि वाचकही नाही. तेथे माणूस उरतो तो केवळ संहिता म्हणून, ज्याचे वाचन होते आणि ज्याला त्या वाचनावर आक्षेप घेता येत नाही असा. कर्त्याचे विसर्जन ही ज्ञानशास्त्रीय भूमिका म्हणून कितीही फलदायी असली, तरी तिचा नैतिक व्यवहारात सरसकट अनुवाद करता येत नाही, हे मला या विषयाने शिकविले.

मानवी वाचन आणि यांत्रिक वर्गीकरण यांतील अंतर एका प्रसिद्ध उदाहरणाने स्पष्ट होईल. स्पॅनिश यादवीत जॉर्ज ऑर्वेल खंदकात बंदूक रोखून बसला असता, समोरच्या फॅसिस्ट खंदकातून एक सैनिक निरोप पोहोचविण्यासाठी धावत निघाला. तो अर्धवट कपड्यांत होता आणि धावताना दोन्ही हातांनी विजार सावरीत होता. ऑर्वेलने गोळी झाडली नाही. मायकेल वॉल्झर यांनी ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’ (१९७७) या ग्रंथात या प्रसंगाची चर्चा केली आहे. कायद्याने तो सैनिक वैध लक्ष्य होता. यंत्राने त्याचे वर्गीकरण अचूकपणे ‘शत्रुसैनिक’ असेच केले असते. येथे चूक अथवा बरोबर असा मुद्दाच नाही. ऑर्वेलने जे वाचले ते वर्गात न मावणारे होते : विजार सावरणारा माणूस हा आपल्यासारखाच माणूस आहे. ही दया नियमाने बांधील नव्हती, म्हणूनच ती नियमावलीत घालता येत नाही. आणि जे नियमावलीत घालता येत नाही, ते यंत्राला देता येत नाही.

४

मात्र एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. कारण प्रतिपक्षाचा युक्तिवाद बळकट आहे आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. रोनाल्ड आर्किन यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की यंत्राला भीती नाही, सूड नाही, थकवा नाही. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी आधी गोळी झाडण्याची त्याला गरज नाही. म्हणून नियमांचे पालन ते माणसाहून अधिक काटेकोरपणे करू शकेल. ऑर्वेलसारखे सैनिक किती असतात? सूडाने पेटून गावे जाळणारे किती असतात? ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० माणसे मृत्युमुखी पडली. नौकेवरील यंत्रणेच्या नोंदीत ते विमान वर चढत होते. ते खाली झेपावत आहे असे भयग्रस्त माणसांनी सांगितले आणि मानले. येथे यंत्राचे वाचन बरोबर होते आणि माणसाचे चुकीचे. यंत्रामुळे निरपराधांचे मृत्यू खरोखर कमी होणार असतील, तर माणसाच्या हाताचा आग्रह म्हणजे आपल्या नैतिक समाधानासाठी दुसऱ्यांचे जीव खर्ची घालणे नव्हे काय?

याच्या उलट उदाहरणही आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत पूर्वसूचना-यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे दाखविले. कर्तव्यावरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी, कोणीही महायुद्ध पाच क्षेपणास्त्रांनी सुरू करणार नाही असा विचार करून, तो इशारा खोटा ठरविला आणि तो खोटाच होता. परंतु एका बाजूला ‘व्हिन्सेन्स’ आणि दुसऱ्या बाजूला पेत्रोव अशी तागडी मांडून निर्णय होणार नाही. उदाहरणांची बेरीज हा नीतीचा पुरावा नव्हे.

प्रतिपक्षाचा याहूनही तीक्ष्ण मुद्दा असा, की माणूस साखळीत असूनही आजच कर्ता उरलेला नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी मानवरहित विमानाच्या हल्ल्यात दहा नागरिक ठार झाले. त्यांत सात मुले होती. ते विमान स्वायत्त नव्हते. पाहणारी, ठरविणारी, कळ दाबणारी माणसेच होती. सप्टेंबरमध्ये संरक्षण खात्याने चूक मान्य केली आणि डिसेंबरमध्ये कोणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही असे जाहीर झाले. दोष कार्यपद्धतीत निघाला. मराठीत ‘मारणे’ आणि ‘मरणे’ ही दोन क्रियापदे आहेत. त्यांच्यामध्ये ‘मारले जाणे’ अशी एक सोयीची जागा आहे, जेथे कर्त्याला उल्लेखावाचून राहता येते. काबूलची माणसे त्या जागेत मेली.

मला हा मुद्दा मान्य करावा लागतो. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र प्रतिपक्षाचा नव्हे. माणूस आधीच करण झाला आहे, म्हणून आता त्याला काढूनच टाकावे, असे यातून सिद्ध होत नाही. त्याला पुन्हा कर्ता करावे लागेल, एवढेच सिद्ध होते. साखळीत कोठेतरी माणूस आहे, ही अट अपुरी आहे. त्याला समोरचे दिसले पाहिजे, विचाराला वेळ मिळाला पाहिजे, नकार देता आला पाहिजे आणि नंतर नावानिशी उत्तर देणे भाग पडले पाहिजे. पडद्यावरील यंत्राच्या शिफारशीला काही क्षणांत मान डोलाविणारा माणूस पाणिनीच्या अर्थाने स्वतंत्र नाही.

आर्किन यांच्या युक्तिवादातील सत्यांशही सोडून देण्याचे कारण नाही. यंत्र शांतपणे पाहू शकते, तर त्याला रोखण्याचे काम द्यावे. ‘हे विमान वर चढत आहे, मारू नका’ असे सांगून मारा अडविण्याचा अधिकार यंत्राला असण्यात मला नैतिक अडचण दिसत नाही. ‘मारा’ असे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याला नसावा. ही असमानता मनमानी नाही. चुकीच्या नकाराची किंमत मोठी असू शकते, कधी ती आपल्याच सैनिकांना मोजावी लागते. पण बहुधा ती दुरुस्त करण्यास वाव राहतो. चुकीच्या होकाराला तो वाव नसतो. तसेच, येणारे क्षेपणास्त्र आपोआप पाडणारी यंत्रणा आणि माणसाला शोधून मारणारे विमान यांतही भेद करावा लागेल. क्षेपणास्त्राला आपण काही देणे लागत नाही. अर्थात तेथेही सावधगिरी सुटू नये. २००३ च्या इराक युद्धात ‘पेट्रियट’ या यंत्रणेने क्षेपणास्त्र समजून ब्रिटनचे आणि अमेरिकेचे, म्हणजे स्वपक्षाचेच, विमान पाडले आणि वैमानिक मारले गेले.

५

माणसाला आपण काय देणे लागतो, हा आता अखेरचा प्रश्न. संस्कृत व्याकरणाच्या अध्यापनात तृतीयेचे जे उदाहरण पिढ्यानपिढ्या दिले जाते, त्यात रामाने बाणाने वालीला मारल्याचा उल्लेख आहे. कर्ता आणि करण दोघेही तृतीयेत, शेजारी शेजारी. व्याकरण शिकताना आपण विभक्ती पाहतो, कथा विसरतो. वाली सुग्रीवाशी लढत होता. राम आडोशाला होता. मारणारा दिसलाच नाही. दुरून, न दिसता आलेला मृत्यू हा आजचा शोध नव्हे. परंतु रामायणाचा कवी तेथे थांबत नाही. बाण लागून पडलेला वाली मरण्यापूर्वी रामाला जाब विचारतो : मी दुसऱ्याशी लढत असताना, लपून, कोणत्या अपराधासाठी मला मारलेस? आणि राम त्याच्याजवळ येऊन उत्तर देतो. ते उत्तर पुरेसे आहे की नाही, याचा वाद अजून संपलेला नाही. वाल्मीकींच्या संहितेत वालीचे अखेर समाधान होते. वाचकांचे झालेले नाही. पण या वादाच्या शक्यतेतच त्या वधाचे नैतिक स्वरूप टिकून आहे. वालीला विचारता आले. विचारण्यासाठी समोर कोणीतरी होते.

मरणाऱ्याला, आणि तो नसेल तर त्याच्या माणसांना, ‘का?’ असे विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्या प्रश्नाला कोणीतरी ‘मी’ या सर्वनामाने आरंभ होणारे उत्तर दिले पाहिजे. मारणाऱ्याचे हे किमान देणे होय. निरपराधांचे मृत्यू एकंदरीत घटले, हे विधान सत्य असले तरी ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. कारण विचारणाऱ्याचा माणूस घटलेल्यांत नाही, उरलेल्यांत आहे. स्वायत्त विमान वालीला मारू शकते. वालीपाशी येऊन उभे राहू शकत नाही. यास्तव, माणसांना लक्ष्य म्हणून निवडणारे स्वायत्त शस्त्र निषिद्ध मानले पाहिजे, असे माझे मत आहे. ते अचूक नसते म्हणून नव्हे, तर अचूक झाले तरीही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३ मध्ये या शस्त्रांविषयीचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधी चारांत भारत होता. या चर्चेचे योग्य स्थान जिनिव्हातील शस्त्र-करारांतर्गत प्रक्रिया हेच होय, अशी त्याची भूमिका होती. राजनीतीची गणिते मला नाकारावयाची नाहीत. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी मानवरहित विमाने मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि शेजार पाहता आपण निःशस्त्र राहू शकत नाही, हेही खरे. परंतु कर्ता आणि करण यांचा भेद ज्या परंपरेने इतक्या सूक्ष्मतेने केला, तिच्या वारसांनी या प्रश्नावर केवळ कार्यपद्धतीचा मुद्दा मांडून थांबावे, हे मनाला पटत नाही.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात अर्जुन आणि अश्वत्थामा परस्परांविरुद्ध अस्त्रे सोडतात. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो; अश्वत्थाम्याला ते घेता येत नाही, आणि ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर जाते. अस्त्र दोघांनाही सोडता येत होते. मागे घेण्यासाठी लागणारा संयम एकाकडेच होता. अस्त्र मागे घेण्याला महाभारताने जो शब्द वापरला, तोच आपण लेखाच्या शेवटासाठी वापरतो : उपसंहार. माझ्या विद्यार्थ्याला आता मी एवढेच सांगू शकेन, की त्या वाक्यातील ‘विमानाने’ हे पद करणच आहे. आणि कर्ता अध्याहृत राहू न देणे, हे व्याकरणाचे नव्हे, तर आपले काम आहे.